चूक आणि बेफिकिरी यांना एकच शिक्षा नको

नियम मोडणाऱ्या वैमानिकाचा परवाना पहिल्याच वेळी कायमचा रद्द करा, हे मत मला पटत नाही. दारू पिऊन ड्युटीवर येणं वेगळं. तिथे आपल्या डीजीसीएचे (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे) टप्पे ठरलेले आहेत: ब्रेथ टेस्टमध्ये पहिल्यांदा सापडला तर ३ महिने निलंबन, दुसऱ्यांदा ३ वर्षं, तिसऱ्यांदा परवाना रद्द. माझ्या मते पहिल्या वेळचे ३ महिने कमीच आहेत.

पण नकळत चुकीची उंची घेतली, सूचना ऐकण्यात गफलत झाली, अशा चुकांना तोच दंडुका उगारला तर माणसं त्या लपवणारच. अमेरिकेत १९७६पासून अशा चुका नासाकडे गोपनीयपणे कळवता येतात. हेतुपुरस्सर नसलेली चूक १० दिवसांत कळवली, तर एफएए (तिथली विमान वाहतूक नियामक संस्था) सहसा दंड किंवा निलंबन लादत नाही. गुन्हा आणि अपघात मात्र या सवलतीत बसत नाहीत.

मंगळूरला २०१०मध्ये विमान अपघातात १५८ माणसं गेली. सहवैमानिक विमान पुन्हा वर घ्यायला सांगत होता, तरी कॅप्टनने उतरणं चालूच ठेवलं. अशा सहवैमानिकाचं ऐकलं जाईल, आणि वेळ पडली तर तो स्वतः कंट्रोल हातात घेऊ शकेल, असं प्रशिक्षण विमान कंपनी देते का, हेही डीजीसीएने तितक्याच कडकपणे तपासायला हवं.