गिऱ्हाइकासमोर सेल्समनला बोलायचं की नाही?

राजवाड्याचा साडीवाला
चार दिवस मनातून जात नाहीये, म्हणून इथे लिहितोय. इंदूरला राजवाड्यापाशी आमचं साड्यांचं दुकान, वडिलांनी सुरू केलेलं, काउंटरवर नऊ माणसं. त्यातले एक काका २२ वर्षांपासून आहेत. मागच्या आठवड्यात ते तिसऱ्यांदा पाऊण तास उशिरा आले, आल्या आल्या मोबाईल काढून बसले, आणि समोर देवासहून लग्नाचा बस्ता बांधायला आलेलं कुटुंब. मी गल्ल्यावरूनच ओरडलो, "पगार कशाचा घेता?" सगळ्यांनी ऐकलं, गिऱ्हाइकांनीसुद्धा.

काकांनी मोबाईल ठेवला. उलटून एक शब्द बोलले नाहीत. पण नंतर दिवसभर जे मागितलं तेवढंच दाखवलं. एरवी ते अख्खा पदर उलगडतात, स्वतःच्या खांद्यावर टाकून उजेडाकडे वळतात. एक मागितली तर सात गादीवर पडतात. त्या दिवशी घडी न मोडता नुसता काठ दाखवायचा आणि "अठराशे" म्हणून गप्प. रोज रात्री मोडलेल्या घड्या घालायला दोन पोरं तासभर लागतात; त्या रात्री काकांच्या गादीवर ११ साड्या होत्या. बस्तेवाले दोन घेऊन उठले, बाकीचा बस्ता कपडा मार्केटात बांधला असणार.

माझं आता ठाम मत झालंय. चूक कितीही असो, गिऱ्हाइकासमोर आणि सोबतच्यांसमोर बोलायचं नाही. रात्री दुकान वाढवल्यावर (बंद केल्यावर), एकट्याला, आणि त्या दिवसाच्या त्या एका गोष्टीबद्दलच बोलायचं. धाकानं माणूस वेळेवर येईल, पण पदर उलगडायचा उत्साह धाकानं येत नाही. उशिराचा ५० रुपये दंडही बंद करावा असं वाटतंय. तुमचा अनुभव काय?

दवाबाजारकर
भिया, मला नाही पटलं. तुमची माणसं डोळ्यासमोर असतात. माझी विक्रीची सहा पोरं फील्डवर, धार, खरगोन, झाबुआपर्यंत. सकाळी फोनवर "धारला पोचलो" म्हणतात आणि मागून इंदुरातल्याच छप्पन दुकान खाऊगल्लीचा गोंगाट ऐकू येतो. एकाला सांभाळून घेतलं की बाकीचे पाच बघत असतात. माझ्याकडे एक मुलगी होती, वेळेची पक्की, सलग तीन महिने टार्गेट पूर्ण. सोडून जाताना म्हणाली, "सर, जो कामावर फिरकत नाही त्यालाही माझ्याएवढाच पगार." ते मला अजून लागतं.

तुम्हाला काकांच्या मनाची काळजी आहे. त्या दिवशी ज्या पोरानं वेळेवर येऊन शटर उघडलं, झाडलोट केली, त्याच्याबद्दल एक ओळ लिहिली नाहीत. दंड हवा, आणि उघड हवा.

काउंटरवर सात वर्षं
मी एका शोरूममध्ये सात वर्षं ड्रेस मटेरियल विकलं, आता स्वतःचं बुटीक आहे. तिथे शिस्त म्हणजे उभं राहणं. सकाळी १० ते रात्री ८:३०, गिऱ्हाईक असो नसो. जरा भिंतीला टेकलं की गल्ल्यावरून हाक. संध्याकाळी पायाच्या पोटऱ्या दगड व्हायच्या आणि तेव्हाच हसून "या ना ताई" म्हणायचं. केरळमध्ये कापड दुकानांतल्या बायका यासाठी लढल्या, तेव्हा २०१८ साली दुकानात बसायची सोय देणं कायद्यात आलं. तमिळनाडूत २०२१ साली. दवाबाजारकर काका, आमच्याकडे नियम सगळ्यांना सारखाच होता हो. तरी मन उडालं, कारण तो कशासाठी आहे हे कुणी सांगू शकत नव्हतं.

आणि साडीवाले दादा, उशीर का होतो, हे काकांना विचारलंत का?

राजवाड्याचा साडीवाला
नाही विचारलं.

पगारपत्रकवाला
दंडाचं बोलणं चाललंय म्हणून. मी दुकानांचे पगार, पीएफ बघतो. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या २०१९ च्या वेतन संहितेत दंडाला मर्यादा आहे: त्या महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्क्यांहून जास्त नाही. आधी माणसाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं आणि दंड लावल्यापासून ९० दिवस उलटले की वसुली नाही. ३ टक्के तर १९३६ च्या कायद्यातही होते. १४,००० पगारावर ४२० रुपये होतात. रोजचे ५० धरले तर १२ उशिरांचे ६०० झाले, म्हणजे तुम्ही हद्द ओलांडली. जेवढा वेळ गैरहजर तेवढ्या वेळाचा पगार कापणं ही वेगळी गोष्ट, त्याला मनाई नाही.

शिवाय दंडानं उशीर थांबतोच असं नाही. इस्रायलच्या हायफा शहरात पाळणाघरांवर एक प्रयोग झाला होता, २००० साली छापून आला. मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर वाढला. दंड काढून घेतल्यावरही तो खाली आला नाही. आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज होती, नंतर पैसे भरून मोकळे. माझ्या एका पार्टीकडे पोरं सरळ म्हणतात, "५० कापून घ्या, मी १२ ला येतो."

दवाबाजारकर
३ टक्क्यांचं ठाऊक नव्हतं, सुधारतो. पण ते पालक होते, नोकर नव्हते. नोकरीवर बेतेल हे माहीत असलं की माणूस दंडाला भाडं समजत नाही. रोख दंड बंद करतो. लेखी समज देणारच, आणि ती कुणाला मिळाली हे सगळ्यांना कळणार. त्यावर मी हटत नाही.

राजवाड्याचा साडीवाला
काल दुकान वाढवल्यावर काकांना थांबवलं. मुलाची पीथमपूरची पाळी बदललीय, सून आधीच नोकरीवर, नातवाला शाळेत सोडून यावं लागतं. मोबाईलवर शाळेच्या व्हॅनवाल्याशी बोलत होते. महिनाभर हे मला सांगितलं नाही, कारण वडील असते तर सांगितलं असतं म्हणाले. हे ऐकून मी काही बोलू शकलो नाही.

आता ते सव्वाअकराला येतील आणि रात्री घड्या संपेपर्यंत थांबतील. वेळेतला हा बदल बाकी आठ जणांना कारणासकट सांगणार आहे, इथे दवाबाजारकरांचं म्हणणं मान्य. मोबाईल सगळ्यांचे ड्रॉवरमध्ये, माझाही. ओरडल्याबद्दल काकांची माफी मागितली.

काउंटरवर सात वर्षं
एकट्यात मागितलीत?

राजवाड्याचा साडीवाला
हो.

काउंटरवर सात वर्षं
बोललात तेव्हा नऊ माणसं होती, दादा.

राजवाड्याचा साडीवाला
बरोबर आहे. उद्या दिवाबत्ती झाली की सगळ्यांसमोर मागतो.

दवाबाजारकर
मी नसती मागितली. पण मागणारच असाल, तर शटर उघडणाऱ्या त्या पोराचं नावही तेव्हाच घ्या.