मदत हवी आहे: दवाखान्यातल्या असिस्टंटने सलाईन लावायचं का?

तासगावजवळ एका दवाखान्यात असिस्टंट आहे. बारावी आर्ट्स, नर्सिंगचा कोर्स नाही. केसपेपर काढणं, बीपी-वजन बघून लिहिणं, ड्रेसिंगचा ट्रे लावणं, सुया पांढऱ्या डब्यात आणि सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत टाकणं, हे सगळं जमतं. पण सर मिरजेला व्हिजिटला गेले की फोनवर सांगतात, "सलाईन लावून टाक." शीर सापडते हो, पण रिअ‍ॅक्शन आली तर? सरांशी बोलले, तर म्हणाले, "सगळीकडे असंच चालतं." नोकरी लगेच सोडता येणार नाही. एएनएमला (सहाय्यक नर्स-मिडवाइफचा कोर्स) 2 वर्षं, तीही पूर्णवेळ. सांगली-मिरजेत नोकरी सांभाळून करता येईल असा मान्यताप्राप्त कोर्स आहे का? आणि त्यावर इंजेक्शन-सलाईन देता येतं, की नर्सिंग कौन्सिलची नोंदणीच लागते?