एनओडी२ सापडला म्हणजे क्रोन्स ठरलेलाच का?

एकांनी विचारलंय की जनुक तपासणीच्या रिपोर्टमध्ये एनओडी२ या जनुकातला बदल दिसला म्हणजे मुलाला क्रोन्स (आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणणारा आजार) होणारच का. नाही. या जनुकाचा क्रोन्सशी संबंध २००१ साली कळला. हा बदल असलेल्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही. तो फक्त धोका वाढवतो.

सहा वर्षांच्या आत, त्यातही दोन वर्षांच्या आत सुरू होणाऱ्या आजाराची गोष्ट मात्र वेगळी. तिथे कधीकधी एकच जनुक सगळा घोळ घालतं. आयएल-१० हे दाह आवरायचा निरोप देणारं प्रथिन. त्याचा रिसेप्टरच, म्हणजे पेशीवरची निरोप घेणारी जागाच, बिघडली तर पेशींपर्यंत निरोप पोचत नाही आणि आतड्यात आग धुमसत राहते. अशी बाळं पहिल्या काही महिन्यांतच आजारी पडतात: रक्तमिश्रित जुलाब, गुदद्वाराभोवती गळवं आणि फिस्च्युला (आतड्यापासून कातडीपर्यंत पडलेली नळीसारखी वाट), नेहमीच्या औषधांना दाद नाही. २००९ मध्ये हे दोष सापडले आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांटने फरक पडतो हेही दिसलं, कारण मूळ बिघाड रक्तातून येणाऱ्या पेशींत असतो. टीटीसी७ए या दुसऱ्या एका जनुकात दोष असेल तर आतड्याचं अस्तरच सदोष असतं, मग ट्रान्सप्लांटने आतडं सुधारत नाही. म्हणून जनुक कुठलं हे कळणं इथे नुसती माहिती नसते, उपचार त्यावर ठरतो.

वीस-बावीस वर्षांच्या, बाकी धडधाकट माणसाने ही जनुक तपासणी करून घ्यावी असं मला वाटत नाही. ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा हाती येतो आणि डोक्याला ताप होतो. तान्ह्या बाळाला आजार असेल, वारंवार इन्फेक्शन होत असतील किंवा आईवडील नात्यातले असतील, तर मात्र जेनेटिक्सवाल्यांना लगेच गाठा.