अजिंठ्याला स्वतंत्र गाईड करावा का? आई आणि मुलासोबत नागपूरहून जातोय

मनीषनगरची_लेक
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत आईला अजिंठा दाखवायचाय. आई ६८ वर्षांची आहे. गुडघे दुखतात, पण धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या रांगेत अजूनही आमच्या आधी जाऊन उभी राहते. सोबत नववीतला मुलगा, ज्याला दगड बघायला एवढ्या लांब का जायचं हे अजून पटलेलं नाही.

मागे एका ठिकाणी (नाव घेत नाही) आम्ही गाईड केला होता. त्याने अर्ध्या तासात देऊळ उरकलं आणि पुढचे दोन तास साड्यांच्या दुकानात बसवलं. म्हणून धास्ती आहे. फक्त आमच्यापुरता गाईड घेतला तर खरंच फरक पडतो का? आईला राजेरजवाड्यांपेक्षा बुद्धाच्या गोष्टी ऐकायच्यात. आणि लेण्यात वंदना म्हटलेली चालते का? बेत असा: रविवारी संभाजीनगरला पोचायचं, सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ.

उगाचखर्च
गाईडबिईड काही नको. यूट्यूबवर तासातासाचे व्हिडिओ आहेत, ते बघून जा. लेण्यांबाहेर पुरातत्त्व खात्याच्या पाट्याही आहेत. वाचलेल्या पैशात तिघांचं जेवण होईल.

स्टेअरिंगवाला_इंदोरा
ताई, जय भीम. टुरिस्ट परमिटची गाडी चालवतो, संभाजीनगर-अजिंठा ही आपली नेहमीची लाइन. श्रीलंकेचे, थायलंडचे पाहुणे दीक्षाभूमी नि कामठीचं ड्रॅगन पॅलेस पाहून पुढं निघतात, त्यांनाही मीच नेतो. अजिंठ्याला आपली गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटला लावावी लागते, पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसनंच जायचं. बाकीचे ड्रायव्हर गाडीत झोपा काढतात. मी पाहुण्यांच्या मागं मागं वर जातो नि कान देऊन ऐकतो. त्यामुळं गाईड किती पाण्यात आहे हे पहिल्याच लेण्यात समजते.

आधी एक सांगून देतो, तुमचा बेत बदला. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद. दोन्हीकडं कुलूप पाहून याल.

आता गाईडचं. एक नंबरच्या लेण्यात सगळेच एक खेळ करतात. गाभाऱ्यातल्या बुद्धावर एका बाजूनं बॅटरी मारली की चेहरा गंभीर, दुसऱ्या बाजूनं हसरा, समोरून ध्यानात. लोक वा वा करतात. पाहण्यासारखं आहेच, नाही म्हणत नाही. पण त्यानंतर बॅटरी खाली येते का, ते पाहा. खाली बैठकीवर चक्र कोरलं आहे, दोन्ही बाजूला हरणं. म्हणजे सारनाथचं मृगवन, पहिला उपदेश. वरच्या हातांची मुद्राही त्याचीच. हे एकमेकाला जोडून सांगणारा गाईड असला तं दिवस सोन्याचा. बॅटरी विझवून 'चला पुढं' म्हणणारा असला तं यूट्यूबवाल्या भाऊचं खरं, पैसे वाचवा.

दुसरं, त्याला रंग कशाचे विचारा. 'झाडपाल्याचे' म्हणाला की समजून जायचं. गेरू, पिवळी माती, चुना, हिरवा दगड, सगळं खनिज. काळा तेवढा काजळीचा. निळा लाजवर्द तं अफगाणिस्तानातून यायचा. विचार करा, कुठला दगड कुठं येऊन घोटला. नि हे सगळं वाळलेल्या गिलाव्यावर रंगवलं आहे, खाली मातीचा थर, त्यात भाताचा तूस नि गवत. जिथं पोपडा निघाला आहे तिथं तो तूस डोळ्यानं दिसते. तुमच्या पोराला ते दाखवा, चित्राच्या आधी ते. माझ्या गाडीत आलेली कंटाळलेली पोरं तिथंच पहिल्यांदा मोबाईल खिशात टाकतात.

आईसाठी मात्र १७ नंबर. गाभाऱ्याच्या पुढं जो अंतराळ, म्हणजे मधली लहान खोली आहे, तिथं बुद्ध भिक्षापात्र घेऊन कपिलवस्तूला परत आला आहे. दारात यशोधरा नि राहुल. बुद्ध भिंतभर उंच, नि ही दोघं मायलेक अगदी लहान काढली आहेत, मान वर करून पाहून राहिली आहेत. एक म्हातारे गाईड होते, आता फिरत नाहीत. ते बायाबापड्यांना समोर उभं करायचे, बॅटरी यशोधरेच्या हातावर धरायचे नि विचारायचे, "पोराला पुढं लोटून राहिली का मागं धरून राहिली?" एवढंच. मग पाच मिनिटं स्वतः एक शब्द बोलायचे नाहीत. बायाच आपसात वाद घालायच्या. राहुल बापाजवळ वारसा मागतो नि बाप त्याला संघात घेतो, ही गोष्ट ते त्यानंतर सांगायचे. वीस-पंचवीस जणांच्या ग्रुपमध्ये हे होत नाही, मागचा ग्रुप धक्के देऊन राहते. स्वतंत्र गाईडचा पैसा याच पाच मिनिटांचा आहे, माहितीचा नाही.

वाकाटकवेडा
स्टेअरिंगदादा, मजा आली वाचून. थोडी भर घालतो, कारण ताईंच्या आईंना राजे नकोत, पण हे राजे आपलेच आहेत. ९ आणि १० नंबरची चैत्यगृहं (आत स्तूप असलेले प्रार्थनेचे दालन) इसवी सनाच्या आधीची. रंगवलेली जी मोठी लेणी आपण बघतो, ती मात्र बहुतेक पाचव्या शतकातली, वाकाटक घराण्यातल्या हरिषेण राजाच्या काळातली. १६ नंबरचं लेणं त्याचा मंत्री वराहदेव याने खोदवलं आणि तिथल्या शिलालेखात घराण्याचा मूळपुरुष विंध्यशक्ती याच्यापासूनची वंशावळ आहे. हरिषेण वत्सगुल्म शाखेचा, म्हणजे आपलं वाशीम. थोरली शाखा रामटेकजवळच्या नगरधनची. १६ नंबरशी न थांबणारा गाईड विदर्भाच्या माणसाने तरी करू नये!

जमलं तर जाण्याआधी एखाद्या रविवारी रामटेकजवळचं मनसर करून या. हिडिंबा टेकडीवरचं विटांचं काम बघून वाकाटक काळाचा अंदाज येतो. उत्खनन करणाऱ्यांनी तिथे बौद्ध स्थळ आणि बौद्ध आचार्य नागार्जुनाशी नातं मांडलं, तर हान्स बाकर यांच्यासारखे अभ्यासक तिथे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर आणि शिवमंदिर बघतात. वाद मिटलेला नाही. त्यामुळे तिथे छातीठोकपणे एकच बाजू सांगणारा कुणी भेटला तर चहा पाजून वाटेला लावा.

भंडारा जिल्ह्यातली पवनीही विसरू नका. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने तिथे स्तूप खणून काढले. एका खांबावर मुचलिंद नाग (बुद्धावर फणा धरणारा) आहे, नावासकट, ब्राह्मीत.

मनीषनगरची_लेक
बापरे, सोमवार-मंगळवारचं वाचलंच हो! रविवारी अजिंठा, सोमवारी वेरूळ असं केलं. म्हणजे शनिवारी पहाटे निघायचं, समृद्धीने.

आईला १७ नंबरचं वाचून दाखवलं. ती लगेच म्हणाली, "लोटतेय. माय आहे ती, तिला माहीत आहे." मुलगा म्हणतो धरतेय. झालं, घरात दोन पक्ष. आता गाईड फोनवर कसा पारखायचा ते सांगा. आणि वंदनेचं राहिलं.

स्टेअरिंगवाला_इंदोरा
फोनवर परीक्षा घेऊ नका ताई, माणूस बिचकते. एवढंच विचारा, "आई हळू चालते, चारच लेणी पाहायची तं कोणती दाखवाल?" 'सगळी दाखवतो, काळजी नको' म्हणणाऱ्याला सोडा. जो उलट विचारेल, आईला पायऱ्या किती जमतात, चित्रं आवडतात का मूर्ती, त्याला धरा. केंद्राच्या पर्यटन खात्याचं ओळखपत्र आहे का तेही पाहा. पैसे अर्ध्या दिवसाचे का पूर्ण दिवसाचे ते आधी बोला, नि दुकान नाही हे पण आधीच.

आईला डोली करा, लाजू नका. चौघं उचलतात. त्यांचा भाव वेगळा, तो गाईडकडून ठरवून घ्या. मात्र चपला काढून आत आईलाच चालायचं आहे, म्हणून १, १७, २६ नि वेळ उरला तं १०. दहात खांबावर लेणी पुन्हा उजेडात आणणाऱ्या इंग्रज जॉन स्मिथचं नाव कोरलेलं आहे, २८ एप्रिल १८१९ ची तारीख. डोक्याच्या वर आहे, कारण तेव्हा आत एवढा गाळ होता की तो त्यावर उभा होता. पोराला आवडते ते.

वंदनेचं २६ मध्ये करा. डाव्या भिंतीला महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे, सात मीटर लांब. खाली भिक्खू बसले आहेत शोक करत. पायाशी शिष्य आनंद बसला आहे, हातावर डोकं टेकून. मेणबत्ती, अगरबत्ती, हार काही चालत नाही, जागा पुरातत्त्व खात्याची आहे. हळू आवाजात त्रिसरण-पंचशील म्हणणाऱ्यांना अडवलेलं मी पाहिलं नाही. गाईडला आधी सांगा, तो गर्दी बाजूला करते.

नि वेरूळच्या वाटेवर दौलताबाद लागते. तिथं गाईड मिनार नि तोफा दाखवतात. किल्ल्याच्या दाराजवळच्या पाण्याच्या हौदाचं विचारा. १९३४ साली बाबासाहेब नि त्यांच्यासोबतची मंडळी तिथं हातपाय धुवायला गेली, तं पाणी बाटलं म्हणून केवढा गोंधळ झाला होता. कुणी आपणहून सांगत नाही. संभाजीनगरात नागसेनवनातलं मिलिंद कॉलेजही दाखवा, बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलं ते, औरंगाबाद लेण्यांच्या वाटेवरच आहे.

मनीषनगरची_लेक
सगळं वहीत उतरवलं. आई विचारतेय, डोलीवाल्या चौघांच्या चहाचं कोण बघतं?

स्टेअरिंगवाला_इंदोरा
तुम्हीच ताई. नि गाईडचाही.