मदत हवी आहे : मारुती ८०० चे इंजिन घरी बांधावे की दुसरे बसवावे?

नमस्कार. माझ्याकडे १९९७ सालची, कार्ब्युरेटरची मारुती ८०० आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती. तेव्हापासून ती नागपुरातच आहे, एमएच-३१ मालिकेतील आहे आणि तिची वाढवून घेतलेली नोंदणी २०२७ पर्यंत वैध आहे. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे चाललेल्या इंजिनाचे जे व्हायचे तेच झाले आहे. ते ऑइल खाते, सकाळी सुरू करताना निळा धूर सोडते, वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर चढताना चौथ्या गिअरमध्ये दम धरत नाही, आणि चालू इंजिनावर ऑइल भरण्याचे झाकण उघडले की आतून धूर फुत्कारत बाहेर येतो.

इंजिन गरम करून, तिन्ही प्लग काढून आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून मी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये पिस्टनने निर्माण होणारा दाब) मोजले. पहिल्या सिलिंडरला १६०, दुसऱ्याला ११५ आणि तिसऱ्याला ११० पीएसआय असे आकडे मिळाले. त्यानंतर प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजले असता दुसरा १४५ वर गेला, परंतु तिसरा ११५ च्या पुढे सरकला नाही. म्हणजे दुसऱ्यात रिंगा (पिस्टनभोवतीची दाब अडवणारी कडी) गेल्या आहेत आणि तिसऱ्यात व्हॉल्व्हची किंवा गॅस्केटची गडबड आहे, असा माझा तर्क आहे. तो बरोबर आहे का, हे जाणकारांनी आधी सांगावे.

ज्या दोन मिस्त्रींना गाडी दाखवली, त्यांची मते परस्परविरुद्ध आहेत. एकाच्या मते हाफ इंजिन काम, म्हणजे रिंगा, बेअरिंग आणि हेडचे (सिलिंडरवरच्या व्हॉल्व्ह असलेल्या झाकणाचे) लॅपिंग, म्हणजे व्हॉल्व्ह घासून बैठकीत बसवणे, एवढे पुरेल. दुसऱ्याचे म्हणणे असे की जुन्या ब्लॉकवर (सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावर) पैसे घालण्यापेक्षा ओम्नीचे सुस्थितीतील वापरलेले इंजिन घ्यावे, कारण दोन्ही ७९६ सीसीची आणि एकाच घराण्यातील आहेत. ते खरे असले तरी ओम्नीमध्ये इंजिन पुढच्या आसनांखाली लांबीच्या दिशेने बसते आणि मागची चाके फिरवते, तर ८०० मध्ये ते आडवे बसून पुढची चाके फिरवते. त्यामुळे ऑइलचे तबक, मॅनिफोल्ड आणि माउंटिंगचे ब्रॅकेट माझ्या इंजिनावरून काढून त्यावर चढवावे लागतील असे दिसते. ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी आणखी काय आडवे येते ते सांगावे. अल्टोचे बारा व्हॉल्व्हचे इंजिन बसवण्याचाही सल्ला मिळाला; पण त्याच्यामागे ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक), संपूर्ण वायरिंग आणि टाकीतील विजेवर चालणारा पेट्रोल पंप हे सगळे येते, म्हणून तो विचार मी सोडून दिला आहे.

माझा कल मूळ इंजिनच घरी उतरवून बांधण्याकडे आहे. बोअरिंग (सिलिंडर कापून मोठा करणे), क्रँकचे (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याचे) ग्राइंडिंग आणि हेडचे प्लेनिंग (पृष्ठभाग सपाट करणे) हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला एखाद्या कारखान्यात करून घेईन. खोलणे, मोजणे आणि जुळवणे मात्र स्वतः करायचे आहे. टॉर्क पाना (ठरावीक जोराने आवळण्याचा), फीलर गेज (फट मोजण्याच्या पात्या) आणि बाहेरील मापाचा मायक्रोमीटर माझ्याकडे आहे. अडचण जागेची आहे. मानेवाड्याच्या घराच्या पोर्चवर स्लॅब असून तिला पंख्यासाठी ठेवलेला एक लोखंडी हूक आहे. त्याला चेन-पुली लावून इंजिन उचलता येईल का? दुसरी शंका उन्हाळ्याची. मे महिन्यात पोर्चमध्ये दुपारी ४५ अंश सहज होतात, आणि मापे तर २० अंशांना प्रमाण मानून दिलेली असतात. एवढ्या उष्णतेत घेतलेल्या मापांवर विश्वास ठेवावा का, की हे काम पावसाळ्यानंतरच काढावे?

प्रतिसाद : निवृत्त यंत्रशाळा निदेशक, कामठी

पंख्याच्या हुकाचा विचार आजच सोडून द्या. तो पंख्याचे वजन पेलण्यासाठी ओतलेला असतो. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र लोंबकळत असताना बसणारा हिसका त्याच्या हिशेबात नसतो. जाड पाइपची लोखंडी तिपाई आणि चेन-पुली भाड्याने आणा, गाडी लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) नीट बसवा आणि इंजिन टांगलेले असेपर्यंत त्याखाली हातसुद्धा घालू नका.

आता निदानाकडे येऊ. दुसऱ्या सिलिंडरविषयीचा तुमचा तर्क बरोबर आहे. तिसऱ्याविषयी मात्र काहीही खोलण्यापूर्वी टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांमधली मोकळी जागा) तपासा. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत हळूहळू रुतत गेला की फट कमी होत जाते, आणि ती शून्यावर आली की व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. तशा स्थितीत कॉम्प्रेशन असेच पडते आणि ऑइल टाकून ते वाढत नाही. हे काम अर्ध्या तासाचे आहे. त्यासाठी इंजिन उतरवावे लागत नाही.

ओम्नीच्या इंजिनाबद्दल तांत्रिक बाजू तुम्ही ओळखली आहेच. माझी हरकत कागदपत्रांची आहे. इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असतो आणि तोच नोंदणी प्रमाणपत्रावर असतो. ब्लॉक बदलला की क्रमांक बदलतो, मग मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ खाली नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता आणि बसवलेल्या वापरलेल्या इंजिनाच्या मालकीचा पुरावा हे ओघाने आले. कबाड्याकडच्या इंजिनाला असा पुरावा क्वचितच मिळतो. २०२७ मध्ये तुम्हाला गाडी पुन्हा तपासणीसाठी न्यायची आहे, तेव्हा हा प्रश्न समोर येईलच. उलट मूळ ब्लॉक ठेवून पिस्टन, क्रँक किंवा अख्खे हेड बदलले तरी त्या क्रमांकाला धक्का लागत नाही. म्हणून ब्लॉकला तडा नसेल, तर तोच बांधा.

उष्णतेची शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर सोपे आहे. ६८.५ मि.मी. बोअरचा (सिलिंडरच्या आतील व्यासाचा) बिडाचा ब्लॉक २० वरून ४५ अंशांवर गेला की सुमारे ०.०१९ मि.मी. वाढतो, मायक्रोमीटर पोलादाचा असल्याने जवळपास तेवढाच प्रसरण पावतो आणि फरक बराचसा झाकला जातो. ॲल्युमिनियमचा पिस्टन मात्र ०.०३९ मि.मी. वाढतो. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधील फटच मिलिमीटरच्या काही शतांशांची असताना हा ०.०२ चा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. ब्लॉक, पिस्टन आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच खोलीत शेजारी ठेवा आणि सकाळी ऊन चढण्याआधी मोजा. एवढ्यासाठी पावसाळा संपण्याची वाट पाहू नका. उलट पावसाळ्यात घासून उघडे पडलेले बीड एका रात्रीत गंजते.

बोअर वरच्या रिंगेच्या पट्ट्यात सर्वांत जास्त झिजतो, म्हणून प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, तसेच परस्परांना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी मोजा. ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा किंचित मोठे) पिस्टन आधी विकत घ्या, ते मोजा आणि मगच त्यांच्या मापाने बोअरिंग करायला सांगा. अनेक जण आधी ब्लॉक बोअर करून ठेवतात आणि मग पिस्टन शोधत फिरतात, ही उलटी गंगा आहे. होनिंगनंतर (सिलिंडरच्या आतील भिंत बारीक दगडाने घासल्यानंतर) ब्लॉक पेट्रोलने पुसू नका, गरम पाण्याने आणि साबणाने ब्रश घालून धुवा, कारण पेट्रोलने घर्षणाची भुकटी ओरखड्यांतच बसून राहते. पांढरे फडके फिरवून ते काळे येईनासे झाले की लगेच ऑइल चोपडा.

प्रतिसाद : धागाकर्ता

काका, सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. टॅपेट तपासले. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला फट उरलेलीच नव्हती. ती पुस्तिकेप्रमाणे लावल्यावर कॉम्प्रेशन १३५ पर्यंत आले. दुसरा सिलिंडर अर्थातच होता तिथेच आहे. ओम्नीच्या इंजिनाचा विषय मी बंद करत आहे आणि तिपाईची चौकशी सुरू केली आहे.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मोजमापात केवळ दुसराच सिलिंडर मर्यादेबाहेर झिजलेला निघाला, तर तिन्ही ०.२५ मि.मी. ने वाढवून घ्यावेत, की त्या एकाला लाइनर (आत बसवायची नवी नळी) घालून मूळ मापावर आणावे? आणि नागपुरात कोणाकडे ५० ते १०० मि.मी. पल्ल्याचा डायल बोअर गेज (सिलिंडरचा आतील व्यास मोजण्याचे साधन) असेल, तर दोन दिवसांसाठी भाड्याने मिळेल का? अनामत रक्कम ठेवण्याची तयारी आहे आणि गेज नेण्या-आणण्यासाठी मी स्वतः येईन.