मदत हवी आहे: कायनेसिऑलॉजीत मास्टर्स, असिस्टंटशिप आणि रापण (मालवणहून विचारतेय)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) केलंय, इंटर्नशिप धरून साडेचार वर्षं गेली त्यात, आणि आता तीन वर्षं झाली कुडाळात एका क्लिनिकमध्ये काम करतेय. घर मालवणात, रोज एसटीने ये-जा. पेशंट म्हणाल तर निम्मे गुडघे आणि निम्म्या कंबरा. शेक द्यायचा, व्यायाम शिकवायचा, आठ दिवसांनी तोच माणूस तीच कंबर घेऊन परत, कारण मधल्या आठ दिवसांत त्याने तेच काम केलेलं असतं ज्याने ती बिघडली. एमपीटी (फिजिओतलं मास्टर्स) करून परत क्लिनिकातच बसायचं मनात नाहीये. मला ते काम करताना शरीर नेमकं कसं हलतं ते मोजायचंय, म्हणजेच कायनेसिऑलॉजी, शरीराच्या हालचालींचं शास्त्र.

सुरुवात झाली रापणीतल्या एका काकांपासून. ज्यांनी रापण बघितली नाही त्यांच्यासाठी: होडीने जाळं अर्धगोल टाकतात, दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर येतात आणि माणसं दोन रांगा करून ओढतात. मागे झुकायचं, टाचा वाळूत रुतवायच्या, उलटं उलटं चालत जायचं, रांगेतला शेवटचा माणूस दोरी सोडून परत पाण्याजवळ येऊन पुढे लागतो. काका साठीचे, आले होते खांद्यासाठी, कंबर एकदम ठणठणीत, आणि त्यांचा तिशीतला पुतण्या मात्र एल फोर एल फाईव्हचा (कंबरेतले मणके) एमआरआय घेऊन आलेला. दोघं एकाच दोरीवर! मी विचारलं काका तुमची कंबर कशी काय टिकली, तर म्हणाले, "बाय, दोरी हातान खेचणत नाय, पायान खेचतत. हात नुसतो धरूक."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी फोन आणि ट्रायपॉड घेऊन किनाऱ्यावर. बाजूने व्हिडिओ काढले, घरी येऊन किनोव्हियात (फुकट सॉफ्टवेअर आहे, व्हिडिओवर कोन मोजता येतात) टाकून बघत बसले. काका जवळजवळ खुर्चीत बसल्यासारखे मागे जातात, पाठ सरळ, गुडघे आधी सरळ होतात आणि मग सगळं अंग मागे जातं. पुतण्या पाठीतून वाकतो आणि प्रत्येक ओढीला कंबरेतून हिसका देतो. हे बघून मला जे काही झालं ते क्लिनिकमध्ये तीन वर्षांत झालं नव्हतं.

तर आता प्रश्न. मला अमेरिका किंवा कॅनडात कायनेसिऑलॉजी डिपार्टमेंटला रिसर्चवालं मास्टर्स करायचंय, बायोमेकॅनिक्स (हालचालीत शरीरावर येणारे भार) किंवा एर्गोनॉमिक्सकडे (काम शरीराला सोसेल असं कसं करायचं). घरून पैसे फार नाहीत, दोन एकर आंबा आहे आणि आंब्याचं तुम्हाला माहीतच आहे, एक वर्ष मोहोर एक वर्ष नुसती पालवी. म्हणजे टीचिंग असिस्टंट (टीए) किंवा रिसर्च असिस्टंटशिप, म्हणजे विद्यापीठातच शिकवायचं किंवा संशोधनाचं पगारी काम, मिळाली तरच जाणं. ती मास्टर्सला मिळते का, की सगळी पीएचडीवाल्यांना जाते? टीए म्हणून नक्की काय शिकवायला लावतात, कारण माझा शिकवण्याचा अनुभव म्हणजे हायस्कूलच्या कबड्डीच्या मुलींना वॉर्मअप आणि इंजुरीवर दोन वर्षं रविवारी शिकवलंय, तो सीव्हीत लिहिला तर हसतील का? आणि प्रोफेसरला पहिला मेल कसा लिहायचा, मी तीनदा लिहून तीनदा खोडला.

एक ठेच लागून झालीय ती पण सांगते. एका कन्सल्टन्सीला पैसे भरले, त्यांनी पाच नावांची यादी दिली. चार ठिकाणी नुसता कोर्सवर्क, थिसिस (स्वतःचं संशोधन) नाही, फंडिंग नाही. पाचवा तर 'अप्लाइड कायनेसिऑलॉजी'चा निघाला, म्हणजे ते हात दाबून स्नायू कमजोर की मजबूत बघून रोग सांगतात ना, १९६४ मध्ये एका अमेरिकन कायरोप्रॅक्टरने काढलेलं, त्याचा आणि युनिव्हर्सिटीतल्या कायनेसिऑलॉजीचा नावापुरता संबंध. मी फोन करून सांगितलं तर म्हणे मॅडम नाव तर तेच आहे. पैसे अर्थातच परत नाहीत.

आजीचं मत वेगळंच, "कंबर दुखता ती शिकूक इतक्या लांब कित्याक जातंस गो, हय काय कमी दुखतत?" बरोबरच आहे म्हणा.

थंडीतलो वेंगुर्लेकर:
मी कॅनडात ओंटारियोत असतो, याच लाईनीत. आधी गोंधळ काढू. उत्तर अमेरिकेत फिजिओथेरपी आणि कायनेसिऑलॉजी ही दोन वेगळी घरं आहेत. कायनेसिऑलॉजीत एमएस्सी केलीस म्हणून इथे फिजिओचं लायसन्स मिळत नाही, त्याची वाट वेगळी. ओंटारियोत २०१३ पासून कायनेसिऑलॉजिस्ट हा स्वतंत्र रजिस्टर होणारा पेशा आहे पण त्याची पण वेगळी परीक्षा. तुला मोजायचंच आहे तर बरोबर दारात उभी आहेस.

कॅनडात थिसिसवाली एमएस्सी असेल तर फंडिंगची शक्यता, कोर्सवर्कवाल्या डिग्रीला बहुतेक नाही. आणि थिसिसला बऱ्याच ठिकाणी सुपरवायझर आधी 'हो' म्हणायला लागतो, नुसता फॉर्म भरून बसलीस तर फॉर्म तसाच पडून राहील. वॉटरलू विद्यापीठ बघ, तिथलं कायनेसिऑलॉजी डिपार्टमेंट १९६७ पासून आहे, कंबरेच्या बायोमेकॅनिक्सवर स्टुअर्ट मॅकगिल यांनी तिथे तीस वर्षांहून जास्त काम केलं. ते आता निवृत्त आहेत, त्यांना मेल नको करूस, पण त्यांचे पेपर वाच आणि त्यांचे विद्यार्थी आता कुठे कुठे शिकवतात ते शोध, ती खरी यादी. कन्सल्टन्सीच्या यादीपेक्षा बरी आणि फुकट.

अमेरिकेत मास्टर्सला टीए मिळतात, पीएचडीवाल्यांना आधी हे खरं, पण अॅनाटॉमीची लॅब, बायोमेकॅनिक्सची लॅब आणि काही ठिकाणी पहिल्या वर्षाच्या पोरांचे फिटनेस, योगा, खेळ असे ॲक्टिव्हिटी क्लास असतात, ते ग्रॅड स्टुडंटच घेतात. तुझ्या कबड्डीच्या पोरी तिथेच कामाला येणार, हसतील कसले. लिही की किती मुलींचा गट होता, काय शिकवलं, काय बदललं. अर्धवेळ म्हणजे आठवड्याला २० तास, एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर त्यापेक्षा जास्त काम चालत नाही. परदेशी टीएचं इंग्रजी बोलणं बरीच विद्यापीठं वेगळं तपासतात, तेव्हा टोफेलच्या (इंग्रजीची परीक्षा) स्पीकिंगकडे लक्ष दे. फंडिंग पाहिजे तर अर्ज डिसेंबर-जानेवारीतच, मे महिन्यात जागी होऊन उपयोग नाही.

मेल दहा ओळींचा. पहिल्या दोन ओळींत काका आणि पुतण्या. बाकी सगळे 'आय ॲम पॅशनेट अबाऊट' लिहितात, रापण कोणी लिहीत नाही.

पीटीचो मास्तर:
इथेच राहायचं झालं तर पण ऐक. फिजिओ कॉलेजात शिकवायला एमपीटी लागतं. फिजिकल एज्युकेशनकडून यायचं तर एम.पी.एड. आणि नेट (प्राध्यापकीसाठीची परीक्षा), विषय कोड ४७, त्यात कायनेसिऑलॉजी आणि बायोमेकॅनिक्स आहेच, पण त्यासाठी आधी बी.पी.एड. म्हणजे तुझी अजून चार वर्षं. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्था १९५७ पासून आहे, आपल्याकडे अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ त्याहून कितीतरी जुनं, तिथल्या लोकांशी बोल. अॅडमिशन नाही तर नाही, काम दाखवायला कोण अडवतंय.

मी (धागाकर्ती):
दोघांचे खूप आभार. मेलचा ड्राफ्ट झाला, काका-पुतण्या पहिल्याच ओळीत. त्यात मी असंही लिहिलंय की नायॉशच्या (अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्यावरची संशोधन संस्था) समीकरणाने भार काढून बघेन, २३ किलोवालं, ते चालेल ना?

थंडीतलो वेंगुर्लेकर:
नको! बरं झालं विचारलंस. ते दोन हातांनी *उचलण्याचं* समीकरण आहे, २३ किलो म्हणजे सगळं आदर्श असताना उचलायच्या वजनाची मर्यादा. ओढण्याला ते लागूच होत नाही. ढकलण्या-ओढण्याला स्नूक आणि सिरिएलो या संशोधकांचे १९९१ चे तक्ते बघ, पण ते पण चांगल्या जमिनीवरचे, वाळूचे नाहीत. म्हणजे तुझ्या रापणीसाठी तयार तक्ता नाही, आणि हेच मेलमध्ये लिही, प्रोफेसरचे कान तिथे टवकारतील. नॉर्डिक प्रश्नावली (१९८७ ची) दुखणं कुठे कुठे आहे ते नोंदवायला चालेल, मराठीत वाचून दाखव, शेवटी मालवणीत समजाव.

ओढ मोजायला लॅब नको. मासेवाल्यांकडे डिजिटल लटकता काटा असतो ना, हूकवाला, तो दोरीच्या मधे अडकव आणि आकड्यावर दुसरा फोन लाव. पण काट्याची मर्यादा बघ, रांगेची पूर्ण ओढ त्यावर घेऊ नकोस, तुटला तर दोरी उलटी येऊन कुणाच्या तोंडावर बसेल. एका माणसाची ओढ, वेगळ्या दोरीने, बाजूला खुंटा ठोकून. आणि त्याआधी तुझ्या कॉलेजच्या एथिक्स कमिटीकडे जा, लेखी संमती मराठीत घे. आत्तापर्यंतचे व्हिडिओ स्वतःला समजायला ठेव, पेपरमध्ये ते घालता येतील असं धरू नकोस.

मी:
बापरे, एथिक्सचं डोक्यातच नव्हतं. सोमवारी जुन्या एचओडी मॅडमना फोन करते. काटा मिळाला, आत्याच्या दिराचा, १०० किलोचा, सुरमई तोलायचा, वास येतोय पण चालतोय. काकांना विचारलं खुंट्याला बांधलेली दोरी ओढाल का, तर म्हणाले मासो नाय त्या दोरयेक तर ओढतलंय कशाक. पुतण्या तयार आहे. काकांना कसं पटवू ते कोणी सांगा, कारण त्यांच्याशिवाय मोजण्यासारखं काही उरतच नाही, आणि एकदा पावसाने समुद्र खवळला की रापण बंद.