मदत हवी आहे: कॅलिफोर्नियातली रानफुलं. बुकिंग आधी करायचं की बहराची वाट बघायची?

नमस्कार मंडळी,

आई-बाबा १४ मार्चला आमच्याकडे बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात) येताहेत, ५ एप्रिलला परत. आईने कुठेतरी त्या केशरी डोंगरांचा व्हिडिओ पाहिलाय आणि तेव्हापासून दर फोनला ‘ते तेवढं दाखव हं’ चालू आहे. बाकी गोल्डन गेट पूल-बिल तिला काही नको.

अडचण अशी, की नवऱ्याला रजा महिनाभर आधी टाकावी लागते, हॉटेलही आधी घ्यावं लागतं, आणि फुलं मात्र आठवडाभर आधीसुद्धा काही कळवत नाहीत. दोन वर्षांपूर्वी याच घोळात फसलो. फोटो बघून कॅरिझो प्लेनला गेलो. ते फोटो तीन आठवड्यांपूर्वीचे होते, हे तिथे पोचल्यावर कळलं. चार तास गाडी हाकून बघितलं काय, तर गुडघाभर वाळलेलं गवत! मोजे भरून कुसळं घेऊन घरी आलो. एका स्वेटरमध्ये ती अजून सापडतात.

आईला घेऊन तसं व्हायला नको. तिचे दोन्ही गुडघे दुखतात, सपाटीवर अर्धा मैल चालेल, चढ मुळीच नाही. बाबांना काहीही चालतं, फक्त दर दोन तासांनी थांबावं लागतं. गाडी साधी सेडान. जोडून तीनच दिवस मिळताहेत, २७ ते २९ मार्च, शुक्रवार ते रविवार.

अँझा-बोरेगो, डेथ व्हॅली, अँटेलोप व्हॅली आणि कॅरिझो यांतलं एक कसं निवडायचं? यंदा बहर येणार की नाही हे आधी ओळखायची काही खूण असते का? आणि उतरून फार न चालता फुलं दिसतात का?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

लेक एल्सिनोरचा वॉकर कॅनियन यादीत नाही ते बरंच आहे. कोणी सुचवला तरी घेऊ नका. २०१९ मध्ये तिथे एवढी माणसं लोटली की हायवे तुंबला आणि शहराला काही काळ वाट बंद करावी लागली. २०२३ मध्ये तर बहर भरात यायच्या आधीच बंद करून टाकलं. २०१९ च्या त्या गर्दीत मीही होतो, त्यामुळे दुसऱ्यांना नावं ठेवायचा मला हक्क नाही. पण फुलांपेक्षा फुलांत बसलेली माणसं जास्त दिसत होती.

प्रतिसाद २

सगळं नशिबावर नसतं. बरंचसं हिवाळ्यातच ठरलेलं असतं.

ही बहुतेक वर्षायू रोपं, म्हणजे एकाच हंगामात उगवून, फुलून मरणारी. बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं. वाळवंटातल्या कितीतरी बियांच्या सालीत उगवण रोखून धरणारी द्रव्यं असतात, आणि ती धुऊन जातील असा एक तरी मुरणारा पाऊस हिवाळ्याच्या तोंडाला पडावा लागतो. नुसत्या शिडकाव्याला बी फसत नाही. त्यानंतर हिवाळाभर थोडाथोडा पाऊस हवा. सुरुवातीला धो धो आणि पुढे दोन महिने कोरडे, असं झालं की रोपं उगवतात आणि बोटभर असतानाच करपतात. एवढं सगळं जमून आलं तरी मार्चमध्ये कोरडा गरम वारा सुटला की आठवड्यात खेळ खलास. म्हणून ‘यंदा पाऊस खूप झाला’ एवढ्यावर जाऊ नका, तो कसा वाटून पडला ते बघा. पाऊस अतीच झाला तर बाहेरून आलेली गवतं आणि मोहरी माजतात आणि फुलांना झाकून टाकतात. तुमच्या स्वेटरातली कुसळं त्यातलीच असणार.

आता जागा. बहर सखल भागात आधी येतो आणि मग वर चढत जातो. अँझा-बोरेगोच्या तळातली वाळूतली फुलं फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत. तुम्ही जाल तोवर बरीचशी उरकलेली असतील, शिवाय बे एरियातून ते फारच लांब. डेथ व्हॅलीत वर्षाला सरासरी दोन इंच पाऊस. तिथले नाव घेण्यासारखे बहर म्हणजे १९९८, २००५ आणि २०१६. आई-बाबांना त्या भरवशावर नेऊ नका. राहिले दोन. कॅरिझो साधारण मार्चअखेर ते एप्रिलचा मध्य. अँटेलोप व्हॅलीचं पॉपी रिझर्व्ह (पॉपी म्हणजे तीच केशरी फुलं) समुद्रसपाटीपासून २,६०० ते ३,००० फुटांवर आहे, तिथे मार्चच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत कधीही.

म्हणजे तुमच्या तारखांना हे दोन्ही लागू पडतात, आणि म्हणूनच आज निवडू नका. खोली बेकर्सफील्डला घ्या. गाव रुक्ष आहे, पण तिथून पश्चिमेला टाफ्टवरून कॅरिझो आणि दुसऱ्या बाजूला तेहाचापी ओलांडून अँटेलोप व्हॅली, दोन्ही दीड-दोन तासांच्या आत. थिओडोर पेन फाउंडेशनची रानफुलांची हॉटलाइन १९८३ पासून चालू आहे. मार्च ते मे दर शुक्रवारी कुठे काय फुललंय ते सांगतात. पॉपी रिझर्व्हचा तर कॅमेराच लावलेला आहे, घरबसल्या डोंगर बघा. शुक्रवारी रात्री बेकर्सफील्डला पोचून ठरवा, शनिवारी सकाळी डावीकडे वळायचं की उजवीकडे.

फोटो कोणी टाकला यापेक्षा कधी टाकला ते बघायचं, हे तुम्हाला आता वेगळं सांगायला नको.

प्रतिसाद ३

वरच्या प्रतिसादाला पूर्ण सहमती. कॅरिझोला गेलात तर एवढं बघा: आत पेट्रोल नाही, पाणी नाही, खायला काही नाही, फोनला रेंज जवळजवळ नाही. नकाशा आधीच उतरवून ठेवा. सोडा लेक रोडचा काही भाग डांबरी, उरलेला मातीचा. कोरडा असेल तर सेडान आरामात जाते, पण पाऊस पडून गेला की त्या मातीचा असा चिकट चिखल होतो की फोर-व्हील ड्राइव्हवालेही रुततात. दोन-तीन दिवसांत पाऊस झाला असेल तर सरळ दुसरीकडे जा. सोडा लेकजवळ लाकडी फळ्यांची सपाट वाट आहे, आईंना ती जमेल. समोरच्या टेंब्लर रांगेवर पिवळे-जांभळे पट्टे पडलेले असतात, ते तर गाडीजवळ उभं राहूनही दिसतात.

दुसरं म्हणजे धूळ. कॅरिझो काय नि अँटेलोप व्हॅली काय, तिथल्या मातीतल्या बुरशीमुळे व्हॅली फीवर हा फुफ्फुसांचा आजार होऊ शकतो. वारा सुटला तर काचा वर करा, आणि वयस्कर मंडळींसाठी मास्क जवळ असू द्या.

आणि एक हुकमी पान हातात ठेवा: रेडवुड सिटीजवळचं एजवूड पार्क, तुमच्यापासून फार लांब नसावं. तिथे सर्पेंटाइन खडकाची निकस माती आहे. त्या मातीत परक्या गवताला फारसं जोर धरता येत नाही, म्हणून मूळची फुलं तग धरून आहेत. वसंतात शनिवार-रविवारी स्वयंसेवक फुकट फिरवून आणतात. त्यांच्या फेऱ्यांत चढ असतो, त्यामुळे आईंसाठी आधी चौकशी करा.

धागाकर्ती

काय बोलू, खूपच आभार! बेकर्सफील्डची खोली घेतली, आदल्या दिवसापर्यंत रद्द करता येईल अशी. एक शंका: पॉपी रिझर्व्हला सकाळी लवकर पोचलेलं बरं ना? गर्दी टळेल.

प्रतिसाद २

नाही, तीच चूक सगळे करतात. पॉपी रात्री मिटते, आणि थंडी, ढग किंवा जोराचा वारा असेल तर दिवसासुद्धा उघडत नाही. भल्या सकाळी गेलात तर नुसता हिरवा डोंगर दिसेल. दहानंतर जा आणि दुपारचं वारं सुटायच्या आत बघून घ्या. व्हिजिटर सेंटरजवळ वाटेचा थोडा भाग पक्का केलेला आहे, व्हीलचेअर जाईल असा, आईंना त्याच्यावरून न्या. वाट सोडून आत शिरायचं नाही, फूल तोडायचं नाही. मोहावे ग्रीन नावाचा जहाल विषारी रॅटलस्नेक त्या भागात असतो, तेव्हा बाबांनाही सांगून ठेवा.

धागाकर्ती

परत आलो. सांगायचं कबूल केलं होतं म्हणून लिहिते.

हॉटलाइन ऐकून अँटेलोप व्हॅली ठरवलं. दहानंतर जा असं सांगूनसुद्धा आमचं निघणं, जेवण, बाबांचे थांबे यात शनिवारी पोचायला तीन वाजले, आणि वारा असा की गाडीचं दार उघडेना. एकूण एक पॉपी मिटलेली! पाकळ्या एकमेकींवर गुंडाळून, छत्रीला पीळ देऊन बंद करावी तशी. मला रडूच यायचं बाकी होतं. आई मात्र म्हणाली, “अगं, मिटलेली कशी दिसतात ते त्या व्हिडिओत कुठे होतं?” आणि खाली बघत राहिली.

रविवारी हट्टाने परत गेलो. अकराच्या सुमाराला ऊन चढलं, वारा पडलेला होता. सबंध डोंगर पेटला होता असं म्हणणार नाही, व्हिडिओतला केशरी रंग काही नव्हता. उतारावर मोठमोठे पट्टे होते, मध्ये मध्ये ल्युपिनच्या फुलांचा निळा. आई पक्क्या वाटेवरून पाऊण तास चालली, म्हणजे कबूल केलेल्या अर्ध्या मैलापेक्षा बहुतेक जास्तच. बाबा वाटेच्या कडेला उकिडवे बसून नखाएवढी पिवळी फुलं मोजत होते. त्यांना इथे बेली फ्लॉवर्स म्हणतात म्हणे, बघायला पोटावर झोपावं लागतं म्हणून. त्यांना उठवायला दोघं लागलो.

माझ्याच प्रश्नाचं उत्तर, पुढे कोणाला लागलं तर: गाडीतून दिसतात, रिझर्व्हला जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसतात. पण कडेची बरीचशी जमीन खाजगी आहे आणि मागे गाड्यांची रांग असते, त्यामुळे मनासारखं थांबता येत नाही.

एजवूड राहिलंय. आई-बाबांचं विमान रविवारी आहे, शनिवारी सकाळी जातोय.